मू डेंग व्हायरल झाली, तिच्या जंगलाचं काय?

थायलंडच्या चोनबुरी प्रांतातल्या खाओ खेओ प्राणिसंग्रहालयात १० जुलै २०२४ रोजी पिग्मी पाणघोड्याचं एक पिल्लू जन्मलं. मादी. लोकांची मतं मागवून तिचं नाव मू डेंग ठेवलं गेलं. तिला सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने मोबाईलवर टिपलेले तिचे व्हिडिओ दोन महिन्यांत जगभर फिरले. पाण्याच्या पाइपाकडे तोंड वासून उभी असलेली, माणसाच्या गुडघ्याला चावायला धावणारी, ओलीचिंब, गुबगुबीत मू डेंग कोणी पाहिली नाही असं झालं नाही. तिच्या चेहऱ्याचे केक निघाले, टी-शर्ट निघाले, तिच्यासारखे गुलाबी गाल रंगवायचे कसे याचे धडे निघाले. गर्दी एवढी वाढली की प्रत्येकाला पाच मिनिटांची वेळ ठरवून द्यावी लागली. त्या पाच मिनिटांत ती झोपलेली दिसली म्हणून काहींनी तिच्यावर पाणी फेकलं, शिंपले फेकले. मग कुंपणाभोवती सीसीटीव्ही बसले, कायदेशीर कारवाईचा इशारा द्यावा लागला, आणि लांबच्यांना घरबसल्या पाहता यावं म्हणून चोवीस तासांचं थेट प्रक्षेपण सुरू झालं.

पिग्मी पाणघोडा मूळचा थायलंडचा नाहीच. तो पश्चिम आफ्रिकेतला. लायबेरिया, सिएरा लिओन, गिनी आणि आयव्हरी कोस्ट या चार देशांतल्या घनदाट पावसाळी जंगलांत आज अडीच हजारांहून कमी पिग्मी पाणघोडे उरले असावेत असा अंदाज आहे. हा प्राणी एकटा राहतो, रात्री बाहेर पडतो, दिवसभर नदीकाठच्या चिखलात किंवा झाडांच्या मुळाखालच्या पोकळीत दडून असतो. लाकूडतोड, शेतीसाठी होणारी जंगलतोड, खाणी आणि मांसासाठी होणारी शिकार यांनी त्याचं घर तुकड्यातुकड्यांत कापून टाकलंय. लायबेरियातलं सापो आणि आयव्हरी कोस्टमधलं ताई ही दोन राष्ट्रीय उद्यानं त्याच्या शेवटच्या भरवशाच्या जागांपैकी आहेत. मू डेंगचे व्हिडिओ पाहणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी किती जणांच्या कानावर ही दोन नावं पडली असतील?

आपण बारशाला हौसेने जमलो, बाळाला नाव ठेवलं, फोटो काढले, आणि बाळाच्या घराला आग लागलीय हे कोणी विचारलंच नाही, असं हे झालंय.

प्राणिसंग्रहालयांनी मोबाईल, रील, थेट प्रक्षेपण यांच्या नादी लागू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. लोक जिथे आहेत तिथेच जाऊन बोलावं लागतं. जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांना आणि मत्स्यालयांना वर्षाला ७० कोटींहून अधिक भेटी होतात असा अंदाज २०११ साली प्रसिद्ध झाला होता. वन्यजीव रक्षणाचं काम करणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही संस्थेपुढे एवढी माणसं आपणहून येऊन उभी राहत नाहीत. आता त्यात पडद्यावरची माणसं मिळवा. ही ताकद फुकट घालवणं हा गुन्हाच होईल. माझा वाद आहे तो या ताकदीचं पुढे काय होतं, यावर. व्हिडिओ किती जणांनी पाहिला हा आकडा प्राणिसंग्रहालय अभिमानाने सांगतं. त्या पाहण्यातून रानातल्या त्याच प्राण्याच्या पदरात काय पडलं, हा दुसरा आकडा त्याच अभिमानाने, त्याच जागी सांगितला गेला पाहिजे. तो सांगता येत नसेल, तर त्या करमणुकीला संवर्धन म्हणू नये.

गोंडस व्हिडिओने निदान नुकसान तरी काय होतं, असं पुष्कळ जण विचारतात. नुकसान होतं आणि ते मोजलंही गेलंय. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयातल्या संशोधकांनी २०११ साली एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना चिंपांझीचे फोटो दाखवले; काहींत चिंपांझीशेजारी माणूस उभा, काहींत नाही. माणसासोबतचा फोटो पाहिलेल्यांना रानातले चिंपांझी सुखरूप आहेत असं वाटण्याचं आणि चिंपांझी पाळायला चांगला असं वाटण्याचं प्रमाण, दोन्ही तिशीहून जास्त टक्क्यांनी वाढलेलं निघालं. फोटोखाली काय लिहिलंय याआधी फोटोच बोलून गेला होता. माणसाच्या कुशीत, माणसाच्या घरात, माणसाच्या कपड्यांत दिसणारा प्राणी आपल्या मनात संकटात सापडलेला उरतच नाही.

स्लो लोरिस या माकडांच्या दूरच्या नात्यातल्या छोट्या प्राण्याचं उदाहरण याहून वाईट आहे. २००९ साली रशियातल्या एका घरातला व्हिडिओ इंटरनेटवर आला. मोठमोठ्या डोळ्यांचा स्लो लोरिस पलंगावर उताणा पडलाय, कोणीतरी त्याच्या बगलेत गुदगुल्या करतंय आणि तो हात वर करून जणू आणखी मागतोय. लाखो लोकांनी तो हसत हसत एकमेकांना पाठवला. प्रत्यक्षात स्लो लोरिस हात वर करतो तो भीतीने. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. तिथला स्राव लाळेत मिसळला की त्याचा चावा विषारी होतो. हात डोक्यावर नेणं ही त्याची स्वसंरक्षणाची तयारी असते. शिवाय बाजारात विकण्याआधी असल्या लोरिसचे दात अनेकदा नखं कापायच्या कात्रीने तोडतात, म्हणजे घेणाऱ्याला चावा बसू नये. या व्हिडिओखालच्या १२ हजारांहून अधिक प्रतिक्रियांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘मला पण हा हवाय’ म्हणणाऱ्यांची संख्या मोठी होती. या प्राण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००७ सालीच कडक बंदी आलेली होती, तरीही.

तो व्हिडिओ कुठल्या प्राणिसंग्रहालयाचा नव्हता, हे खरं. पण मोबाईलच्या पडद्यावर प्राणिसंग्रहालयाचा व्हिडिओ आणि घरात कोंडलेल्या प्राण्याचा व्हिडिओ एकाखाली एक येतात. पाहणारा त्यांत फरक करत नाही, करू शकत नाही. म्हणून अधिकृत संस्थेवर जास्त जबाबदारी येते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या वानरतज्ज्ञांनी २०२१ साली फोटो-व्हिडिओंबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. माणसाने प्राण्याला हातात धरलेलं, भरवतानाचं, त्याच्याशी खेळतानाचं चित्र प्रसिद्ध करू नये, हा त्यांचा गाभा. मला तर वाटतं, हा नियम वानरांपुरता न ठेवता बिबट्याच्या बछड्यांपासून घुबडांच्या पिल्लांपर्यंत सगळ्यांना लावावा.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, असं केलं तर लोक बघणारच नाहीत. जंगलतोड, खाणी, औषधांचे दुष्परिणाम असले विषय कोण बघतं?

सिनसिनाटीची गोष्ट या समजुतीला छेद देते. अमेरिकेतल्या या प्राणिसंग्रहालयात २८ मे २०१६ रोजी तीन वर्षांचा मुलगा गोरिलाच्या खंदकात पडला आणि त्याला वाचवण्यासाठी हराम्बे नावाच्या गोरिलाला गोळी घालावी लागली. त्यानंतर हराम्बेवरच्या विनोदांचा इंटरनेटवर असा पूर आला की ऑगस्टमध्ये संस्थेने आपलं ट्विटर खातंच काढून टाकलं. तीच संस्था पुढच्या वर्षी पुन्हा लोकांसमोर आली ती एका मरणाच्या दारातल्या पिल्लामुळे. २४ जानेवारी २०१७ रोजी फियोना नावाचं पाणघोड्याचं पिल्लू सहा आठवडे आधी जन्मलं. वजन जेमतेम १३ किलो. पाणघोड्याचं नवजात पिल्लू कमीत कमी २५ किलोचं तरी असतं. तिला उभं राहता येईना, आईचं दूध पिता येईना. प्राणिसंग्रहालयाने जवळपास रोज तिच्या तब्येतीची बातमी दिली: आज किती दूध प्यायली, किती वजन वाढलं, शरीरातलं पाणी कमी झालंय, सलाईन लावायला शीर सापडत नाहीये. शेवटी शहरातल्या मुलांच्या रुग्णालयातलं पथक आलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या नाजूक शिरा शोधण्यात त्यांचा हात बसलेला. त्यांनी पाणघोड्याच्या पिल्लाला सलाईन लावलं. लाखो लोक हे सगळं जीव मुठीत धरून वाचत होते. त्यात गाणं नव्हतं, नाच नव्हता. वजनाचे आकडे होते, दुधाचं माप होतं. लोकांना खऱ्या कामात रस असतो, ते काम उघड्यावर मांडण्याची तयारी मात्र संस्थेकडे हवी.

फियोनाच्या बाबतीतही माझी तक्रार आहेच. तिच्या नावाने पुढे टी-शर्ट आले, आइस्क्रीम आलं, तिचा स्वतंत्र कार्यक्रम आला. आफ्रिकेतल्या पाणघोड्यांच्या दातांसाठी त्यांची शिकार होते, हस्तिदंतासारखा त्यांचा व्यापार चालतो, ही गोष्ट त्या लाटेवर बसून घरोघर पोचवता आली असती.

पोचवता येते, याचा दाखला ऑस्ट्रेलियात आहे. मेलबर्न प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या झूज व्हिक्टोरिया या संस्थेने २००९ साली पामतेलाबद्दल मोहीम सुरू केली. ओरांगउटानच्या पिंजऱ्यासमोर लोक थांबतात, हरखतात. तिथेच त्यांना सांगितलं गेलं की या वानराचं बोर्निओ-सुमात्रातलं जंगल पामच्या लागवडीसाठी साफ होतंय, आणि ते तेल तुमच्या घरातल्या बिस्किटांत, साबणात आहे. पण पाकिटावर नुसतं ‘वनस्पती तेल’ लिहिलेलं असतं, त्यामुळे टाळायचं म्हटलं तरी टाळता येत नाही. म्हणून लोकांना बरोबर घेऊन एकच मागणी केली: पाकिटावर पामतेल असं स्पष्ट लिहा. त्या मागणीवर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये कॅडबरीने चॉकलेटमध्ये पामतेल घातलं, तेव्हा लोकांनी ओरड केली, ऑकलंड प्राणिसंग्रहालयाने आपल्या दुकानांतून कॅडबरीचा माल काढून टाकला, आणि कंपनीने माघार घेतली.

हे उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश आपला आहे. आपल्या फरसाणात, बेकरीच्या खारीत, दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यात ते असतं. ओरांगउटानच्या पिल्लाचा गोड व्हिडिओ मराठी घरातल्या कौटुंबिक ग्रुपवरही येतो. तो पाहणाऱ्या हाताचा आणि समोरच्या बशीतल्या खारीचा काय संबंध आहे, हे सांगण्याचं काम मराठीत कोणी करत नाही. एखाद्या प्राणिसंग्रहालयाने ते केलं, तर तो व्हिडिओ मी स्वतः शंभर जणांना पाठवीन.

आता आपल्या घरात येऊ. भायखळ्याच्या राणीच्या बागेत जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यातली एक मादी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावली, त्यावरून बराच गदारोळ झाला. मार्च २०१७ मध्ये कक्ष लोकांसाठी खुला झाला, पाच रुपयांचं तिकीट पन्नास रुपये झालं, आणि तरीही रांगा लागल्या. पुढे पिल्लं जन्मली, २०२१ साली वाघिणीचा वीरा नावाचा बछडा झाला, प्रत्येक वेळी बातम्या आल्या, नावं चर्चेत आली. बागेचं उत्पन्न पूर्वीच्या कितीतरी पट झालं. यात मला काही वावगं वाटत नाही. मुंबईतल्या चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या मुलाला पेंग्विन डोळ्यांनी पाहता यावा, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

पण कुठल्याही रविवारी त्या थंडगार कक्षात काचेसमोर उभं राहून कान द्या. बहुतेकांच्या बोलण्यात बर्फ असतो. “बर्फ कुठेय?” लहान मूल विचारतं, आणि आई-बाबा सांगतात, “इथे एसी लावलाय ना, म्हणून नाही.” हम्बोल्ट पेंग्विन बर्फात राहतच नाही. तो पेरू आणि चिलीच्या कोरड्या, वाळवंटी किनाऱ्यावर राहतो. त्या किनाऱ्यालगत वाहणाऱ्या थंड सागरी प्रवाहातले मासे खातो, आणि समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे पिढ्यान्‌पिढ्या साचलेले थर पोखरून त्यांत घरटं करतो. हे थर, ज्यांना ग्वानो म्हणतात, खत म्हणून खणून नेले गेले आणि पेंग्विनची घरटी करायची जागाच गेली. एल निन्योच्या वर्षी पाणी तापतं, मासे दूर जातात, पिल्लं उपाशी मरतात. त्यात माणसाच्या मासेमारीने अँचोव्ही या छोट्या माशांचे थवे आटवले. ज्या एल निन्योमुळे आपल्या मराठवाड्यातला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, तोच तिकडे पेंग्विनच्या पिल्लांच्या जिवावर उठतो. काचेसमोर उभ्या असलेल्या माणसाला सांगण्यासारखी याहून थेट गोष्ट कुठली?

अमेरिकेतलं सेंट लुईस प्राणिसंग्रहालयही हम्बोल्ट पेंग्विन ठेवतं. ते पेरूतल्या पुंता सान हुआन या राखीव किनाऱ्यावरच्या कामाला अनेक वर्षं पाठबळ देत आलंय. तिथे ग्वानो काढायचा तेव्हा पक्ष्यांच्या विणीला धक्का लागू नये म्हणून शास्त्रज्ञ हजर असतात. मुंबई महापालिका देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका. पेंग्विनच्या तिकिटातून आलेल्या पैशातला एक छोटा वाटा पुंता सान हुआनला जाऊ शकत नाही, असं कोणीही मला पटवून देऊ शकणार नाही. ती रक्कम गेली, तर भायखळ्याच्या काचेआडच्या पेंग्विनचा व्हिडिओ पाहणाऱ्या प्रत्येकाचा त्या किनाऱ्याशी खरा संबंध जुळेल.

आपल्याकडे सरकारी धोरणही हेच सांगतं. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली स्थापन झालं आणि १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणात, देशातल्या वन्यजीव रक्षणाच्या प्रयत्नांना हातभार लावणं हे प्राणिसंग्रहालयांचं मुख्य उद्दिष्ट असल्याचं लिहिलंय. करमणूक हे मुख्य उद्दिष्ट आहे असं त्यात कुठेही नाही.

करमणूक आणि रक्षण एकत्र नांदू शकतात, याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे मत्स्यालयाचं. त्यांच्या समुद्री ऊदमांजरांचं थेट प्रक्षेपण जगभर लोक कामाच्या टेबलावर उघडून ठेवतात. पाठीवर तरंगत, पोटावर शिंपला ठेवून तो फोडणारा हा प्राणी पाहताना कोणालाही बरं वाटेल. पण मत्स्यालयाचं खरं काम कॅमेऱ्याच्या पलीकडे चालतं. आईपासून ताटातूट झालेली पिल्लं किनाऱ्यावर सापडतात. त्यांना सांभाळणारे कर्मचारी अंगावर काळा झगा आणि तोंडावर वेल्डिंग करणाऱ्याचा मुखवटा घालतात, म्हणजे माणसाचा आकार, माणसाचा चेहरा पिल्लाच्या लक्षात राहू नये. मग मत्स्यालयातल्या प्रौढ माद्या त्यांच्या मानलेल्या आया होतात आणि खेकडा कसा पकडायचा, शिंपला कसा फोडायचा हे शिकवतात. २००२ ते २०१६ या काळात अशी ३७ पिल्लं वाढवून एल्कहॉर्न स्लू नावाच्या खाडीत सोडली, आणि त्या खाडीतल्या ऊदमांजरांच्या वाढीत निम्म्याहून अधिक वाटा त्यांचा आणि त्यांच्या वंशजांचा असल्याचं दिसून आलं. ऊदमांजरांनी खेकडे खाल्ले, त्यामुळे खाडीतलं समुद्रगवतही सावरलं. प्रेक्षकांना आवडणारी मादी आणि रानात जाणारं पिल्लू, दोघांची कामं वेगळी ठेवली गेली. रानात जाणाऱ्या पिल्लाला प्रसिद्धीपासून लांब ठेवणं हाच त्याच्यावरचा उपकार होता.

आपल्याकडे असं काम गिधाडांवर झालंय. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे ही जमात नव्वदच्या दशकापासून जवळजवळ नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणा सरकारसोबत पिंजोर इथे गिधाडं वाढवली. तिथली वीस गिधाडं २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात, पेंच आणि ताडोब्यात आणली गेली, काही महिने मोठ्या पिंजऱ्यांत रुळवली गेली आणि मग पाठीवर जीपीएस टॅग लावून सोडली गेली. काही दगावली, काही दूरदूर भरकटली. त्यांच्या प्रत्येक भरारीचा नकाशा उपलब्ध होता. ही गोष्ट फियोनाच्या गोष्टीइतकीच चित्तथरारक होती, आणि ती आपली होती. नकटं, टकलं, मेलेलं जनावर खाणारं गिधाड गोंडस नाही म्हणून ते मागे पडलं, हे मला सहन होत नाही. रोज संध्याकाळी ‘आज ते कुठे उतरलं’ एवढी एक मिनिटाची मराठी बातमी पुण्याचं कात्रज, नागपूरचं गोरेवाडा आणि राणीच्या बागेच्या पानांवरून निघाली असती, तर शाळेतल्या मुलांनी वहीत नकाशे काढले असते. आणि गुराखी, पशुवैद्य, औषधविक्रेते यांच्यापर्यंत त्या औषधाचं नावही गेलं असतं.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा (एसजीएनपी) अनुभव तर सांगतो की आपल्याला हे जमतं. २०११ साली वनविभागाने संशोधक आणि स्वयंसेवकांना घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. पत्रकारांच्या कार्यशाळा झाल्या. बिबट्यांच्या बातम्यांतले नरभक्षक, दहशत, धुमाकूळ हे शब्द हळूहळू मागे पडले आणि कचरा उचला, रात्री मुलांना एकटं सोडू नका, पकडून दुसरीकडे सोडलेला बिबट्या जास्त धोकादायक ठरतो, अशी माहिती बातम्यांत येऊ लागली. आज जुन्नर, शिरूरच्या उसात माणूस आणि बिबट्या दोघंही मरतायत. तिथल्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर बिबट्याच्या बछड्याला बाटलीने दूध पाजतानाचा व्हिडिओ जाण्याने काय साधणार? उसाच्या फडात बछडी सापडली तर त्यांना हात न लावता वनविभागाला कळवायचं ही माहिती, आणि रात्री आई त्यांना कशी उचलून नेते याचं छुप्या कॅमेऱ्यातलं चित्रण जाणं गरजेचं आहे. तेही पाहायला लोक थांबतात. आई बछडं तोंडात धरून अंधारात निघून जाते, त्या दृश्याला कुठल्याही गाण्याची जोड लागत नाही.

म्हणून माझी मागणी राणीच्या बागेपुरती, कात्रजपुरती, गोरेवाड्यापुरती अगदी नेमकी आहे. ज्या प्राण्याचा व्हिडिओ टाकाल, त्याच्या रानातल्या घराचं नाव त्याच व्हिडिओत बोलून सांगा. प्राण्याला कुशीत घेतलेला माणूस, मग तो मंत्री असो की अभिनेता, व्हिडिओत नको. आणि वर्षाच्या शेवटी तिकिटाच्या पैशातून किती रुपये कुठल्या जंगलाला, कुठल्या किनाऱ्याला, कुठल्या गिधाडाला गेले, याचा हिशेब सर्वांत लोकप्रिय व्हिडिओच्या खाली मराठीत लिहा. भायखळ्याच्या बाबतीत हा हिशेब महापालिकेच्या पुढच्या अर्थसंकल्पातच बसवता येईल, आणि तो बसवा असं आपापल्या नगरसेवकाला लेखी कळवायला मुंबईकरांना कोणाच्या परवानगीची गरज नाही.